सेप्टिक टँक भरली, गाडी गल्लीत शिरत नाही. काय करावं? (बेसा, नागपूर)

बेसावाली:
आमच्या लेआउटात गटारलाइन अजून आली नाही. पाऊस लागला की खालच्या संडासात पाणी चढतं. गाडीवाला म्हणतो गल्ली अरुंद आहे. शेजारच्या दादांनी एक माणूस पाठवलाय, तो उतरून बादलीनं उपसतो म्हणतो, पैसेही कमी. त्यालाच सांगू का?

काळीमाती:
ताई, त्याला अजिबात उतरवू नका. मी बांधकामात आहो, सांगतो. टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोडा असला तर सडक्या अंड्याचा वास येते, जास्त झाला की नाकच बधिर होते. वास गेला वाटते अन् माणूस तिथंच आडवा. त्याला काढायला दुसरा उतरते, तोही जाते. सुरक्षा साधनांशिवाय कोणाला उतरवलं तर हातानं मैला सफाईवर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यात पहिल्याच गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

गाडी कोपऱ्यावर उभी राहू द्या, पाइप जोडत आणतात. फोनवर पहिलं हेच विचारा, पाइप किती फूट आहे? अन् उपसलेला माल कुठं टाकता, हेही. नाल्यात म्हटलं तर दुसरा पाहा. नगरपंचायतीतही विचारून पाहा.

दुसरं म्हणजे, पावसातच चढते ना? मग टाकीपेक्षा शोषखड्ड्यावर, म्हणजे टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यावर, माझा संशय आहे. आपल्याकडची काळी माती एकदा फुगली की पाणी पीतच नाही. उपसल्यावर आठ-दहा दिवसांत पाणी परत संडासात चढलं तर गाडीवर पैसे घालू नका, खड्डा पाहा.

संत्रानगरी:
वर साय जमून कडक झाली असेल तर पाणी ओतून, वरूनच लांब बांबूनं ढवळतात. बिडी-काडी जवळ नको, मिथेन असतो. तळाचा थोडा गाळ राहू द्या, आणि नंतर वासासाठी फिनाइल ओतू नका, मैला कुजवणारे जंतू मरतात. गाडीवरच्या पोरांना साबण आणि नळ दाखवा. आमच्या गल्लीत लोक त्यांना प्यायला पाणी देतानाही तोंड वाकडं करतात, अन् संडास मात्र लखलखीत पाहिजे.

बेसावाली:
त्या माणसाला नाही म्हणून कळवलं. पण झाकण पोर्चच्या टाइल्सखाली गेलंय हो!

काळीमाती:
अर्ध्या नागपुरात हेच आहे. जुना फोटो असेल तर जागा पाहा, अन् आदल्या दिवशीच टाइल काढून ठेवा. गाडी आल्यावर शोधत बसाल तर तो थांबणार नाही.