'शास्त्रोक्त पद्धतीने' म्हणजे नेमकं कोणत्या पद्धतीने?

घोडबंदरकर:
ठाण्यात हल्ली कुठलंही सार्वजनिक काम नुसतं होत नाही, ते 'शास्त्रोक्त पद्धतीने' होतं. झाडांची छाटणी शास्त्रोक्त, निर्माल्याचं खत शास्त्रोक्त, कचऱ्याची विल्हेवाट तर हमखास शास्त्रोक्त. व्युत्पत्तीत अडचण नाही. शास्त्र अधिक उक्त, शास्त्रात सांगितलेलं. लहानपणी हा शब्द फक्त गुरुजींच्या तोंडी असायचा, मुंज आणि श्राद्धाच्या संदर्भात. तो पालिकेच्या पत्रकांत आणि निविदांत कसा शिरला, आणि तिथे त्याचा अर्थ काय घ्यायचा? माझं मत आधीच सांगून ठेवतो: जिथे आकडा द्यायला हवा तिथे हा शब्द देऊन वेळ मारून नेतात.

नेरूळकरीण:
शिरला कसा, याबद्दल माझा एक अंदाज. आपण ज्ञानशाखेला सरसकट 'शास्त्र' म्हणतो. रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, अर्थशास्त्र; आणि त्याच पंगतीत ज्योतिषशास्त्र, वास्तुशास्त्रही. 'सायंटिफिक'ला मराठी शब्द हवा होता. 'शास्त्रीय' म्हटलं की डोळ्यांपुढे तानपुरा येतो. 'शास्त्रशुद्ध' योगवर्ग आणि व्यायामशाळांनी पळवला. 'वैज्ञानिक' म्हणजे प्रयोगशाळेतला माणूस, असा लोकांचा समज. उरला शास्त्रोक्त.
'विज्ञान'चीही गंमत आहे. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात 'येर प्रपंचु हें विज्ञान' असं आहे, म्हणजे आत्मज्ञान सोडून बाकी प्रपंचाची जाण ते विज्ञान. त्या न्यायाने डम्पिंग विज्ञानातच बसतं.

निवृत्त_जेई:
मी जेई, म्हणजे कनिष्ठ अभियंता, म्हणून सरकारी बांधकामाच्या कामांवर आयुष्य काढलं. (कोणत्या खात्यात ते राहू दे.) ठेकेदाराचं बिल निघतं ते मोजमाप पुस्तकावरून, ज्याला आम्ही एमबी म्हणतो. खोदाई घनमीटरमध्ये, प्लास्टर चौरस मीटरमध्ये, गाळ टनात. 'शास्त्रोक्त'ला एकक नाही. तो शब्द निविदेच्या पहिल्या पानावर, कामाच्या नावात येतो आणि तिथेच राहतो. दरपत्रकात उतरला नाही की ठेकेदार त्याचे पैसे मागू शकत नाही, आणि ज्याचे पैसे नाहीत ते काम तो का करील? कनिष्ठ अभियंता तरी कशाचं माप घेणार?
आता कचऱ्याचंच घ्या. नियमांत आकडे नाहीत असं नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत क्षेपणभूमीसाठी, म्हणजे कचरा टाकायच्या जागेसाठी, चक्क मापं दिलेली होती. तळाशी ९० सेंटीमीटर चिकणमाती, तिच्यावर दीड मिलिमीटर जाडीचा एचडीपीईचा (एका टणक प्लास्टिकचा) पडदा, म्हणजे घाण पाणी खाली मुरू नये. दिवसाचं काम संपलं की कचऱ्यावर किमान १० सेंटीमीटर माती किंवा राडारोडा. पावसाळ्याआधी ४० ते ६५ सेंटीमीटरचा थर. जागा बंद केल्यावरही किमान १५ वर्षं देखभाल. हे सगळं टेपने मोजता येतं, एमबीत चढवता येतं. पण पत्रकात काय येतं? 'शास्त्रोक्त'.

घोडबंदरकर:
जेईसाहेब, हेच म्हणायचं होतं मला. आमच्या संकुलाचा कचरा रोज १०० किलोच्या वर जातो, म्हणजे त्याच नियमांप्रमाणे आम्ही मोठे कचरा उत्पादक ठरलो. ओला कचरा आवारातच जिरवा, असा निरोप आला. कमिटीने एक यंत्र बसवून घेतलं, शेजारी पाटी लावली: 'येथे शास्त्रोक्त पद्धतीने खतनिर्मिती होते'. पाटीखाली तपकिरी पाणी साचलेलं, चिलटं घोंघावताहेत, आंबूस वास थेट लिफ्टपर्यंत. यंत्र विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "मशीन सायंटिफिक आहे, कचरा ओला आहे." आता ओला कचरा ओला नाही तर काय असणार! तिथे काम करणाऱ्या मावशींनी त्यात सुका पाला आणि नारळाच्या शेंड्यांचा भुसा मिसळायला सुरुवात केली, रोज फावड्याने वरखाली केलं, आणि वास गेला. मूठभर खत घेऊन त्या दाबायच्या. बोटांतून पाणी ठिबकलं की अजून पाला. ओल जास्त झाली की आतली हवा कोंडते आणि कुजणं नासकं होतं, हे त्यांना पाटी न वाचता कळलं होतं. पगार मात्र त्यांना 'हाऊसकीपिंग'चा.

तुर्भे_नाका:
एवढं पण झोडपू नका हो शब्दाला. काही ठिकाणी काम खरंच झालंय. कोपरखैरण्याचं निसर्ग उद्यान जुन्या डम्पिंगवर उभं आहे. आज तिथे लोक सकाळी फिरायला जातात. त्याला शास्त्रोक्त म्हटलं तर बिघडलं कुठे?

निवृत्त_जेई:
काही बिघडलं नाही. बाग छानच आहे. पण तिथे काम झालंय असं तुम्ही म्हणता ते डोळ्यांनी बघून, पत्रकात शब्द वाचून नव्हे.

नेरूळकरीण:
मला 'उक्त'च खटकतं. उक्त म्हणजे कोणीतरी सांगून ठेवलेलं, विषय संपला. सावरकरांनी 'श्रुतिस्मृतिपुराणोक्त' आणि 'अद्ययावत' हे दोन शब्द समोरासमोर ठेवून नेमका हाच फरक दाखवला होता. त्यांच्या बाकीच्या मतांबद्दल इथे वाद नको, मुद्दा शब्दाचा आहे.
वैज्ञानिक गोष्टीला नापास होण्याची सोय असावी लागते. डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात ज्योतिषाची चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना दिल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली, सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर पन्नासच्या आसपास आली असती. पत्रिका मांडल्या शास्त्रोक्तच असतील की! आमच्या नोडात (नवी मुंबईतल्या आमच्या उपनगरात) भरती-ओहोटीच्या गणितावर धारण तलाव, म्हणजे भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवून ठेवणारे तलाव, बांधलेत. तिथे मी 'शास्त्रोक्त' म्हणणार नाही. भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस पडला आणि सेक्टरात पाणी तुंबलं, तर ते गणित कुठे चुकलं हे तपासता येतं.

ऐरोलीचा_काका:
तुम्ही सगळे विद्वान. आमच्या घरात वेगळा शब्द आहे, 'शास्त्रापुरतं'. ताटात शास्त्रापुरता भात, हातावर शास्त्रापुरतं पाणी. पालिकेला तेच लिहायचं असेल, छापताना चुकत असेल.

घोडबंदरकर:
काका, जिंकलात! पण एक व्यवहाराचं विचारतो जेईसाहेबांना. 'शास्त्रोक्त पद्धत म्हणजे काय' असं माहिती अधिकारात विचारलं तर?

निवृत्त_जेई:
उत्तर येईल, 'नियमानुसार कार्यवाही करण्यात येत आहे'. नाहीतर, 'प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देय नाही'. अर्थ विचारू नका, कागद मागा. अमुक महिन्यात मातीच्या थराची जी मापं घेतली, त्या मोजमाप पुस्तकाच्या पानांच्या साक्षांकित प्रती, एवढंच. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि शब्दमर्यादा १५०, त्यामुळे प्रस्तावना नको. नोंदी नसतील तर 'अभिलेख उपलब्ध नाही' असं लेखी येईल, तेही जपून ठेवा. तीस दिवसांत काहीच आलं नाही तर पहिलं अपील.

तुर्भे_नाका:
आणि नालेसफाईला?

निवृत्त_जेई:
तिथे गाळाच्या गाड्यांच्या वजनकाट्याच्या पावत्या. पावतीवर गाडीचा नंबर आणि वेळ असते. एकच गाडी दहा-दहा मिनिटांनी काट्यावर आलेली दिसली तर इथे टाका, सगळे मिळून वाचू.