आयर्विंग बर्लिनच्या जुन्या रेकॉर्डी

अमेरिकन गीतकार-संगीतकार आयर्विंग बर्लिनची गाणी नेहमी दुसऱ्यांच्याच आवाजात ऐकलीयेत, तो स्वतः कधी गायलाय का? आणि त्याला नोटेशन येत नव्हतं म्हणतात ते खरंय?

प्रतिसाद १: गायलाय ना, १९१० मध्ये कोलंबिया रेकॉर्ड कंपनीसाठी ‘ओ हाऊ दॅट जर्मन कुड लव्ह’. नोटेशनचंही खरंय, पियानो वाजवायचा तो एकाच पट्टीत, आपल्या पेटीच्या भाषेत काळी तीन, पट्टी बदलायला पियानोलाच खटका बसवलेला आणि चाल लिहून घ्यायला पगारी माणूस!

प्रतिसाद २: १९११ चं ‘अलेक्झांडर्स रॅगटाइम बँड’ ऐक, कॉलिन्स आणि हार्लन जोडीचं, त्या गाण्यानेच नाव झालं त्याचं. खरखर चालवून घे.

प्रश्नकर्ता: ऐकलं. रॅगटाइम, म्हणजे ते आडव्या ठेक्याचं जुनं अमेरिकन संगीत, कसलं, लष्करी बँडचा मार्चच वाटतोय राव!