पॅच लावला तरी ओपनएसएसएचची आवृत्ती 8.9पी1 च दिसते. ऑडिटरला काय दाखवावे?

कळमना_रूट यांनी विचारले:

नमस्कार. नागपूरच्या कळमना बाजारातील एका मिरचीच्या अडत पेढीचा सर्व्हर मी सांभाळतो. मी धरमपेठेत राहतो आणि सर्व्हर शहराच्या दुसऱ्या टोकाला, गोदामावरच्या पोटमाळ्यात आहे; त्यामुळे नव्वद टक्के काम एसएसएचवरूनच, म्हणजे दुरून सुरक्षित लॉगिन करून, चालते; त्यासाठी ओपनएसएसएच हे सॉफ्टवेअर आहे. मुख्य सर्व्हरवर 64 बिटचे उबुंटू 22.04 असून बॅकअपच्या जुन्या यंत्रावर डेबियन 11 आहे; दोन्ही लिनक्स प्रणाली आहेत.

मागील आठवड्यात पेढीने बाहेरच्या ऑडिटरकडून तपासणी करून घेतली. दोन्ही यंत्रांवर सीव्हीई-2024-6387 (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-त्रुटीचा नोंद क्रमांक) ही त्रुटी असून ओपनएसएसएच 9.8पी1 वर नेणे अनिवार्य आहे, असा शेरा त्यांनी दिला. मुख्य सर्व्हरवरील आपोआप होणारी अद्यतने माझ्या आधीच्या माणसाने बंद करून ठेवली होती आणि 2024 च्या एप्रिलनंतर तेथे काहीही बसवलेले नव्हते, हे मला तेव्हाच कळले. मी लगेच लॉगिनग्रेसटाइम (लॉगिन पूर्ण करण्याची वेळमर्यादा) 0 केला, कारण तातडीचा उपाय म्हणून तोच सर्वत्र सांगितलेला आढळला, आणि दोन दिवसांनी सर्व पॅकेजे अद्ययावत केली. तरीही आवृत्ती 8.9पी1 च दिसते आणि ऑडिटरच्या स्कॅनरने पुन्हा तोच शेरा मारला आहे.

मूळ सोर्स कोड आणून 9.8पी1 स्वतः कंपाइल करावे काय? त्यात मध्येच संपर्क तुटला तर भर पावसात कळमन्याला जावे लागेल. आणखी एक विचित्र गोष्ट अशी की मंगळवारपासून अधूनमधून लॉगिनच होत नाही; पासफ्रेज विचारण्याआधीच सर्व्हर संपर्क तोडतो. कोणी आत शिरले असेल काय, या शंकेने झोप लागत नाही.

सीताबर्डी_शेल यांचे उत्तर:

कृपया कंपाइल करू नका. उबुंटू किंवा डेबियन आपल्या स्थिर आवृत्तीत मूळ प्रकल्पाची नवी आवृत्ती आणत नाहीत. ते फक्त दुरुस्तीचा तुकडा जुन्या आवृत्तीवर शिवतात आणि पॅकेजचा शेपटीचा आकडा वाढवतात. त्यामुळे 8.9पी1 हा आकडा तसाच राहणार. आपण पाहायचे ते पॅकेजचे पूर्ण नाव. उबुंटू 22.04 साठी ही त्रुटी 1:8.9पी1-3उबुंटू0.10 मध्ये बुजवली गेली, म्हणजे तेथे 0.10 किंवा त्यापुढचा आकडा हवा. येथे पुष्कळांची फसगत होते, कारण 0.7 हा आकडा 0.10 पेक्षा मोठा वाटतो. पण हे दशांश चिन्ह नव्हे, सातवी आणि दहावी दुरुस्ती असा त्याचा अर्थ आहे. ॲप्टच्या (पॅकेजे बसवणाऱ्या साधनाच्या) चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या यादीत, सीव्हीईचा क्रमांक शोधा, तेथे दुरुस्तीची नोंद सापडेल.

डेबियन 11 बद्दलचा शेरा तर सरळच चुकीचा आहे. त्यात 8.4पी1 आहे आणि ही त्रुटी 8.5पी1 पासून पुढे आहे.

आता 9.8 च्या आग्रहाविषयी. फेब्रुवारी 2025 मध्ये ओपनएसएसएचमध्ये लॉगिनच्या आधीच सर्व्हरची मेमरी आणि प्रोसेसर खाऊन टाकणारी आणखी एक त्रुटी, सीव्हीई-2025-26466, जाहीर झाली. ती 9.5पी1 ते 9.9पी1 या आवृत्त्यांत होती आणि 9.9पी2 मध्ये दुरुस्त झाली. ऑडिटरचे अक्षरशः ऐकून आपण 9.8पी1 हाताने बसवले असते, तर जी त्रुटी आपल्या 8.9 मध्ये मुळात नाही ती घरात आणली असती, आणि हाताने कंपाइल केलेल्या प्रतीकडे ॲप्ट ढुंकूनही पाहत नसल्यामुळे ती तशीच पडून राहिली असती.

मिहान_पिंग यांचे उत्तर:

एवढा खल करण्यापेक्षा सरळ उबुंटू 24.04 वर जावे, वाद मिटेल.

जुना_सोलारिसवाला यांचे उत्तर:

वाद मिटणार नाही. 24.04 मध्ये 9.6पी1 आहे, म्हणजे 9.8 हाच आकडा शोधणारा स्कॅनर तेथेही ओरडेल. शिवाय पेढीचा हंगाम चालू असताना दूरच्या यंत्राची संपूर्ण प्रणाली बदलणे मला तरी पटत नाही.

प्रश्नकर्त्यांच्या लॉगिनच्या तक्रारीकडे कोणाचेच लक्ष गेलेले दिसत नाही. माझ्या मते ती घुसखोरी नसून आपणच केलेल्या उपायाचे फळ आहे. त्यासाठी ही त्रुटी नेमकी काय आहे ते पाहावे लागेल.

एखाद्याने एसएसएचचा संपर्क जोडला आणि ठरलेल्या वेळात, म्हणजे एरवी 120 सेकंदांत, लॉगिन केले नाही, की सर्व्हरला सिगॲलार्म हा सिग्नल जातो. त्या सिग्नलच्या हाताळणीत लॉग लिहिला जात असे आणि ग्लिबसीमध्ये (लिनक्सच्या मूलभूत सी लायब्ररीत) लॉग लिहिताना मेमरीची मागणी किंवा परतफेड होऊ शकते. कळमन्यातलाच दाखला देतो. दिवाणजी खतावणीत एक ओळ अर्धी लिहून झाले आहेत, तेवढ्यात घंटा वाजते आणि दुसरा कोणी त्याच पानावर, त्याच ओळीपासून आपली नोंद सुरू करतो; मग त्या पानावरच्या कोणत्याच बेरजेचा भरवसा उरत नाही. मेमरीची खतावणी अशी अर्धवट असतानाच घंटा वाजावी, म्हणून हल्लेखोर पुन्हा पुन्हा संपर्क जोडतो. क्वालिस या सुरक्षा कंपनीने 1 जुलै 2024 रोजी हे जाहीर केले तेव्हा 32 बिटच्या यंत्रावर सरासरी सुमारे 10,000 प्रयत्न आणि सहा ते आठ तास लागतात असे दाखवले होते. 64 बिटवर हल्ला शक्य मानला गेला, पण तो त्यांनी तेव्हा करून दाखवला नव्हता. हीच चूक 2006 मध्ये दुरुस्त झाली होती आणि ऑक्टोबर 2020 मधल्या एका बदलात ती दुरुस्ती अनवधानाने निघून गेली. ओपनबीएसडी या प्रणालीला मात्र याची झळ लागली नाही, कारण तेथे सिग्नलमध्येही सुरक्षित असलेले वेगळे लॉग-फंक्शन 2001 पासून वापरात आहे. आम्हा जुन्या मंडळींना अशा वेळी थोडा आनंद होतोच. हा सारा प्रकार लॉगिनच्या आधी घडतो, त्यामुळे पासवर्ड बंद करून फक्त किल्ल्या ठेवल्या होत्या, हा बचाव येथे चालत नाही.

आपण ग्रेसटाइम 0 केला, म्हणजे घंटाच काढून टाकली. हल्ला थांबला, पण दारात येऊन गप्प उभा राहणारा प्रत्येक बॉट आता कायमचा उभा राहतो. मॅक्सस्टार्टअप्सचे मूळ मूल्य 10:30:100 असते: लॉगिन न झालेले दहा संपर्क साचले की नव्या संपर्कांपैकी तीस टक्के नाकारले जाऊ लागतात, हे प्रमाण वाढत जाते आणि शंभरावर दार पूर्ण बंद होते. तुमच्या लॉगमध्ये मॅक्सस्टार्टअप्सचा उल्लेख असलेल्या ओळी सापडतील.

पॅकेज दुरुस्त असल्याची खात्री झाली की ग्रेसटाइम पुन्हा 120 करा. त्याआधी दोन सत्रे उघडी ठेवा, एसएसएचडी -टी ही आज्ञा चालवून कॉन्फिगरेशन तपासा आणि मगच रीस्टार्ट करा. रीस्टार्टने चालू सत्रे तुटत नाहीत, त्यामुळे तिसऱ्या खिडकीतून नवे लॉगिन जमते काय हे निवांत पाहता येते; नाही जमले तर जुन्या सत्रातून दुरुस्ती करता येते आणि कळमन्याची फेरी वाचते. साचलेल्या अर्धवट प्रक्रियाही मात्र अशाच मागे राहतात. त्या पीएस या आज्ञेच्या यादीत पाहून हाताने काढाव्या लागतील.

कळमना_रूट यांचे उत्तर:

दोघांचेही मनापासून आभार. पॅकेजची शेपटी 0.10 च्या पुढची आहे आणि चेंजलॉगमध्ये क्रमांकही सापडला. मॅक्सस्टार्टअप्सच्या ओळी लॉगमध्ये शेकड्यांनी निघाल्या. ग्रेसटाइम परत 120 केल्यापासून लॉगिन एकदाही अडलेले नाही.

मात्र बाहेरून पाहिले तर बॅनरमध्ये (संपर्क जोडताच सर्व्हर दाखवतो त्या ओळीत) फक्त ओपनएसएसएच 8.9पी1 एवढेच दिसते, उबुंटूची शेपटी दिसत नाही. स्कॅनर बिचारा काय करणार?

सीताबर्डी_शेल यांचे उत्तर:

उबुंटू मुळात ती शेपटी बॅनरमध्ये दाखवते. कॉन्फिगरेशनमध्ये डेबियनबॅनर नावाचा पर्याय कोणी नो केला आहे काय, ते पाहा.

कळमना_रूट यांचे उत्तर:

केला आहे, आणि शेजारी शेराही आहे: बॅनरमधून प्रणालीचे नाव उघड होते, म्हणून मागील ऑडिटच्या सूचनेनुसार बंद. म्हणजे एका ऑडिटने जे झाकायला लावले, तेच दुसऱ्या ऑडिटला दिसेना. मी बॅनर तसाच ठेवला आहे आणि पॅकेजची आवृत्ती, चेंजलॉगमधील नोंद आणि डिमन (पार्श्वभूमीत चालणारा एसएसएचचा प्रोग्राम) अद्यतनानंतर सुरू झाल्याची वेळ, असे तिन्ही पुरावे ऑडिटरला पाठवले. मुख्य सर्व्हरवरील शेरा त्यांनी मागे घेतला. डेबियन 11 बद्दल पत्रव्यवहार चालू आहे.

घुसखोरीच्या शंकेचे मात्र पूर्ण समाधान झाले नाही. लॉगिनआधी वेळ संपल्याच्या नोंदींची असाधारण गर्दी शोधायची होती, पण ऑथलॉग (लॉगिनच्या नोंदींची फाइल) दर आठवड्याला फिरतो आणि फक्त चार जुन्या प्रती राहतात, त्यामुळे 2024 मधले काहीच हाती लागले नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांत 180 दिवसांचे लॉग ठेवण्यास सांगितले आहे. म्हणून लॉगरोटेटमधला (लॉग फिरवणाऱ्या साधनातला) 4 आता 26 केला आहे, म्हणजे 182 दिवस होतात, आणि हंगाम संपला की हे यंत्र कोऱ्या डिस्कवर नव्याने उभारण्यासाठी मालकांकडून दोन दिवस मागून घेतले आहेत.