टॉवरवरच्या रेडिओचे पासवर्ड लिंक न गमावता कसे बदलावेत?

प्रश्न
नमस्कार. दोन इमारतींना जोडणाऱ्या रेडिओ लिंकची जबाबदारी नुकतीच माझ्याकडे आली आहे. दोन्ही रेडिओंवर कंपनीने दिलेलाच पासवर्ड अजून चालू आहे, टेलनेट (दुरून लॉगिन करण्याची जुनी पद्धत) उघडे आहे आणि एसएनएमपीची (नेटवर्कवरून उपकरणांवर देखरेख ठेवण्याची पद्धत) कम्युनिटी, म्हणजे तिचा पासवर्डसारखा शब्द, ‘पब्लिक’ आहे. पलीकडचा रेडिओ उंच टॉवरवर असून मध्येच लिंक तुटली तर वर चढणारा माणूस बोलावण्याशिवाय मार्ग राहणार नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर १
लॉगिनचा पासवर्ड (रेडिओच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा) आणि लिंकचा पासवर्ड (दोन रेडिओंनी एकमेकांशी जुळण्याचा) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रथम लक्षात घ्यावे. लॉगिनचा पासवर्ड बदलल्याने लिंक तुटत नाही. लिंकचा बदलला की तुटतेच. म्हणून तो आधी लांबच्या रेडिओवर बदलावा, लिंक पडली की घाबरून न जाता तोच पासवर्ड जवळच्या रेडिओवर भरावा, म्हणजे ती पुन्हा उभी राहते. खरा धोका लांबच्या टोकाला काय भरले गेले हेच नेमके माहीत नसण्याचा असतो. माझ्याकडून एकदा फाइलमधून कॉपी करताना पासवर्डच्या शेवटी एक स्पेस आली होती. डोळ्यांना ती दिसत नव्हती आणि रेडिओने ती निमूटपणे स्वीकारली होती. अर्धा दिवस गेल्यावर जवळच्या रेडिओवरही शेवटी स्पेस देऊन पाहिली, तेव्हा लिंक जुळली. आपल्या रेडिओत ठरावीक मिनिटांत पुष्टी न केल्यास जुनी सेटिंग आपोआप परत आणण्याची सोय असेल, तर ती आवर्जून वापरावी.

उत्तर २
वरील क्रम योग्य आहे, पण त्याच्याही आधी टेलनेटचा बंदोबस्त करावा. टेलनेटच्या पोर्ट २३ वरून पासवर्ड उघड्या अक्षरांत जातो, त्यामुळे नवा पासवर्ड टेलनेटवरूनच भरला तर तोही ऐकणाऱ्याच्या हाती पडतो. आधी एसएसएच (टेलनेटचेच काम, पण सर्व काही एन्क्रिप्ट म्हणजे सांकेतिक करून) सुरू करावे, त्यातून लॉगिन होते याची खात्री करावी आणि मगच टेलनेट बंद करून पासवर्ड बदलावा. एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत आणि २सी मध्येही कम्युनिटी उघडीच जाते, तेव्हा ‘पब्लिक’ऐवजी दुसरे नाव देऊन काम भागत नाही, रेडिओला जमत असेल तर तिसरी आवृत्ती घ्यावी आणि तिच्यात एन्क्रिप्शनही चालू ठेवावे.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. लिंक डब्ल्यूपीए२ (वाय-फायची सुरक्षा पद्धत) वर आहे. पासवर्ड किती लांब ठेवावा? आणि नेटवर्कचे नाव लपवल्याने काही फायदा होतो का?

उत्तर २
८ ते ६३ अक्षरे चालतात, पण ८ वर थांबू नये. जोडणीच्या वेळची देवाणघेवाण हवेतून टिपून घेता येते आणि नंतर घरी बसून त्यावर हवे तितके अंदाज लावता येतात, म्हणून मी २० पेक्षा कमी अक्षरे ठेवत नाही, तीही कोणत्याही शब्दकोशात न सापडणारी. नाव लपवण्याने सुरक्षितता वाढत नाही, कारण जोडणी होताना ते हवेत उघडेच जाते.