एमएससाठी राहतं घर तारण ठेवावं का?

कृष्णाकाठ
भाच्याला अमेरिकेत एमएसला प्रवेश मिळालाय. बहीण आणि दाजी कराडचं राहतं घर तारण ठेवून 40 लाखांचं कर्ज काढायला निघालेत. माझा विरोध आहे आणि घरात मी एकटीच वाईट ठरतेय.

हिशोब बघा. व्याज 11 टक्के धरा. चार सेमिस्टरला 10-10 लाख उचलले, तर दोन वर्षांचा कोर्स आणि नंतरचं एक वर्ष हप्त्याची सवलत संपेपर्यंत नुसतं व्याजच 10 लाखांच्या घरात जातं. मग 50 लाखांवर दहा वर्षं महिना 69 हजारांचा हप्ता. तिकडे नोकरी लागली तर निभेल. पोरगा पुण्यात परत आला, तर सुरुवातीचा अख्खा पगार हप्त्यात जाईल. दाजी तीन वर्षांत निवृत्त होतायत. परदेशी शिकू नको असं मी म्हणत नाही. म्हातारपणाचं छप्पर त्यासाठी अडकवू नका, एवढंच म्हणते.

डॅलसकर
ताई, अजिबात पटलं नाही. माझे वडील एसटीत कंडक्टर होते, आमचं दोन खोल्यांचं घर तारण ठेवूनच मी आलो. तारण दिलं म्हणून सरकारी बँकेचा दर मिळाला. विनातारण देणाऱ्या खासगी कंपन्या त्याहून चांगलाच जास्त मागत होत्या. स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) शाखेला ओपीटीचं, म्हणजे शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करायच्या परवानगीचं, एक वर्ष आणि वर दोन वर्षं वाढीव. म्हणजे एच-1बी हा नोकरीचा व्हिसा नसला तरी तीन वर्षं कमावता येतं. चौघं एका फ्लॅटमध्ये राहिलो, घरी रांधून खाल्लं आणि चार वर्षांत कर्ज फिटलं. आमच्यासारख्यांकडे घराशिवाय दुसरं होतं काय? ते पोराच्या शिक्षणाला कामी नाही आलं तर कधी येणार?

पाऊलवाट
@डॅलसकर, तुमचा काळ गेला. एच-1बीच्या जागा वर्षाला 85 हजार, त्यात सोडत, आणि सप्टेंबर 2025 पासून नव्या अर्जावर 1 लाख डॉलर फी.

डॅलसकर
तिथेच शिकून व्हिसा बदलणाऱ्याला ती फी लागू नाही, अर्धी माहिती देऊन घाबरवू नका. सोडतीची धास्ती मात्र खरी आहे, ते मान्य.

निळी_पहाट
तुम्ही दोघंही घर आहे असं धरून बोलताय. ज्यांच्याकडे तारण ठेवायलाच काही नाही त्यांचं काय? आमच्याकडे दोन एकर कोरडवाहू होती. शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण म्हणून सहसा चालत नाही, कारण सरफेसी या थकीत कर्जवसुलीच्या कायद्याखाली बँकेला ती जप्त करून विकता येत नाही. सरकारी बँका सहसा विनातारण देतात त्या साडेसात लाखांत परदेशी काय होतं?

मी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर गेले. फी, निर्वाह भत्ता, विमानभाडं, सगळं सरकारने दिलं. पण अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मिळून अख्ख्या महाराष्ट्रासाठी जागा फक्त 75! बाबासाहेब 1913 साली कोलंबियाला गेले ते सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या महिना साडेअकरा पौंडांवर. तेव्हा एका संस्थानाला जमलं, मग आज एवढ्या मोठ्या राज्याला 75 वर का थांबावं लागतं? घर की कर्ज, हा वाद घालण्यापेक्षा या जागा वाढवा म्हणून ओरडायला हवं.

कृष्णाकाठ
@निळी_पहाट, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मनापासून पटलं. भाचा त्या योजनेत बसत नाही, पण जे. एन. टाटा एंडोमेंट 1892 पासून कर्जरूपाने शिष्यवृत्ती देतं, तिथेही त्याने अर्ज केला नाही. एजंटने फक्त कर्जाचा फॉर्म पुढे केला, आणि माझा राग त्याचाच आहे.

नेकारकाठी
मेकॅनिकलचा असेल तर जर्मनी बघा. बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठांना फी नाही, थोडंसं सेमिस्टर शुल्क असतं. मी श्टुटगार्टला आहे, या राज्यात युरोपीय संघाबाहेरच्यांना सेमिस्टरला 1500 युरो पडतात. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (राहण्याखाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) वर्षाचे 11,904 युरो आधी दाखवावे लागतात, पण ते आपलेच पैसे, महिना 992 प्रमाणे आपल्यालाच मिळतात. वर्षातून 140 पूर्ण दिवस काम करता येतं.

डॅलसकर
आणि जर्मन भाषा? ती आल्याशिवाय नोकरी नाही, हे पण सांगा की.

नेकारकाठी
खरंय. बी1 या मधल्या पातळीपर्यंत शिकायला मला पुण्यात वर्ष गेलं आणि नोकरीसाठी तेही कमीच पडतं. पण ते वर्ष मी घरी राहून, कर्जाविना काढलं.

कृष्णाकाठ
भाचा मेकॅनिकलचाच आहे. यंदाचा प्रवेश सोडून वर्षभर थांब म्हटलं तर बहीण महिनाभर बोलायची नाही माझ्याशी. तरी आज रात्री विषय काढते. पुढच्या वर्षीसाठी आत्ता काय करायला हवं?

नेकारकाठी
हिवाळी सेमिस्टरचे अर्ज बऱ्याच ठिकाणी 15 जुलैला बंद होतात. त्याआधी एपीएसचं, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचं जर्मनीसाठीचं, प्रमाणपत्र हातात हवं, त्याच्या तपासणीला वेळ लागतो. मार्कशीट गोळा करायला आजच सांगा. आणि भाषेचा क्लास याच महिन्यात लावा.