मदत हवी आहे : एकरकमी पोटगी हप्त्यांनी घेतली तर तिच्यावर प्राप्तिकर लागतो का?

नमस्कार. माझी धाकटी बहीण आणि तिचे पती परस्परसंमतीने घटस्फोट घेत आहेत. कौटुंबिक न्यायालयात द्यायच्या संमतीपत्राचा मसुदा तयार होत असून पोटगीच्या कलमात दोन पर्याय आहेत : दरमहा 40 हजार रुपये, किंवा कायमची म्हणून 36 लाख रुपये, तेही तीन वार्षिक हप्त्यांत.

मुंबई उच्च न्यायालयाने प्रतापगढच्या माहेश्वरी देवी यांच्या प्रकरणात एकरकमी पोटगी ही भांडवली जमा (म्हणजे उत्पन्नात न मोडणारी रक्कम) असल्याने करपात्र नाही, मात्र दरमहा मिळणारी पोटगी हे उत्पन्नच आहे, असा निर्णय दिला होता, एवढे वाचनात आले. देणाऱ्याला वजावट कोणत्याच पर्यायात नाही. म्हणजे पतीने कर भरून उरलेल्या पगारातून दरमहा पैसे द्यायचे आणि त्यांवर पत्नीने पुन्हा कर भरायचा. मला हे न्याय्य वाटत नाही, पण तो वाद इथे नको.

बहिणीचे पगाराचे करपात्र उत्पन्न 9 लाख आहे. नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंत सवलत असल्याने 2025-26 च्या दरांनी तिला आज काहीच कर पडत नाही. त्यात वर्षाचे 4 लाख 80 हजार 'इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न' म्हणून मिळवले, की ती सवलत जाते आणि उपकरासह सुमारे 90 हजार रुपये भरावे लागतात. त्यामुळे आमचा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे.

माझी मुख्य शंका हप्त्यांविषयी आहे. एकूण रक्कम आधीच निश्चित केलेली असेल आणि ती केवळ सोयीसाठी तीन भागांत मिळणार असेल, तर तिचे भांडवली स्वरूप टिकते का, की प्राप्तिकर अधिकारी तिला ठरावीक काळाने मिळणारी पोटगी समजू शकतात? हा फरक स्पष्ट राहावा म्हणून मसुद्यात नेमकी कोणती शब्दरचना असावी?

दुसरी शंका लहान आहे. पहिला हप्ता हुकूमनाम्यापूर्वी, म्हणजे कायद्याने ते अजून पतिपत्नी असतानाच मिळेल आणि बहीण तो मुदत ठेवीत गुंतवेल. पत्नीला दिलेल्या मालमत्तेचे उत्पन्न पतीच्या उत्पन्नात मिळवण्याच्या नियमातून विभक्त राहण्याच्या करारानुसार केलेले हस्तांतरण वगळलेले आहे. मग त्या ठेवीचे व्याज बहिणीच्याच विवरणपत्रात दाखवायचे ना?

कुणी अशी रक्कम प्रत्यक्ष घेतली असल्यास विवरणपत्रात ती कुठे दाखवली आणि विचारणा झाल्यावर कोणती कागदपत्रे दिली, हे कृपया सांगावे. सीएंचा सल्ला घेणारच आहोत, परंतु मसुद्यावर सह्या होण्यापूर्वी विचारायचे प्रश्न तरी नेमके असावेत.