मुलाला डिस्लेक्सिया निघालाय, धाकटीचीही आताच तपासणी करावी का?

नमस्कार. मुलगा तिसरीत, मराठी माध्यम. ऐकलेली गोष्ट शब्दन्‌शब्द सांगतो, पण तीच वाचायला दिली की 'कमळ'चं 'कळम' होतं आणि जोडाक्षर आलं की चित्र बघून ठोकून देतो. गेल्या महिन्यात अहवाल आला: डिस्लेक्सिया. डोळे, कान, बुद्ध्यांक सगळं ठीक.

सासूबाईंच्या मते मोबाइलमुळे. पण समुपदेशक बाईंनी "घरात आणखी कुणाला?" विचारलं आणि यांनी मान खाली घातली. सोसायटीची नोटीस आली की "चष्मा सापडत नाहीये, तूच वाच", मेसेज कायम बोलून पाठवायचे... बारा वर्षांत माझ्या डोक्यात कधी आलं नाही! दिरांनीही शाळा आठवीतच सोडली होती.

धाकटी साडेचारची आहे. एक लॅब थुंकीवरून 'लर्निंग जीन' तपासते म्हणे. करावी का? नाहीतर काय बघायचं?

प्रतिसाद १

ताई, लॅबचे पैसे वाचवा. (मी विशेष शिक्षिका आहे.) असं एकच जनुक नसतं. सहाव्या गुणसूत्रावरच्या डीसीडीसी२ आणि केआयएए०३१९ यांची नावं बरीच वर्षं घेतली जातात. पण २०२२ साली दहा लाखांहून जास्त लोकांच्या डीएनएचा अभ्यास झाला, त्यात डिस्लेक्सियाशी संबंध असलेल्या ४२ जागा सापडल्या आणि प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. सगळ्यांची बेरीज केली तरी वाचनातल्या फरकाचा फार तर ६ टक्के भाग उलगडतो. त्यावरून तुमच्या लेकीचं भाकीत कोण करणार?

घरचा इतिहास जास्त कामाचा. आईवडिलांपैकी एकाला असेल तर जवळपास निम्म्या मुलांना त्रास होतो, म्हणजे निम्म्यांना होतही नाही. तिला आत्ता शिक्का नको, खेळ हवेत. 'माळ'ला 'बाळ' सुचतं का? टाळ्या वाजवत ब-द-क तोडता येतं का? 'कमळ'मधला 'क' काढून काय उरलं? पहिलीत जाईपर्यंत यात अडखळली तर लगेच मदत सुरू करा, तिसरीची वाट बघू नका.

आणि मोठ्याची चाचणी मराठीतूनच झालीय ना? 'डाली' ही चाचणी मराठीतही आहे. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी उतारे वाचायला लावलेले अहवाल मी पाहिलेत.

धागाकर्ती

मराठीतूनच झाली. काल रात्री खेळलो. धाकटी बाळ, टाळ, गाळ करत सुसाट सुटली. हे शेजारी बसून ऐकत होते. झोपताना हळूच म्हणाले, मोठ्या माणसांची पण तपासणी होते का गं? होते का?